मॅचकडे पाठ

बाई मॅच बघत नसत. मैदानात त्यांनीच शिकवलेल्या पोरी खेळत असायच्या, बेसकडे धावणारीच्या नावाने ओरडा चाललेला असायचा, आणि बाई आपली खुर्ची फिरवून मैदानाकडे पाठ करून बसलेल्या. तोंड आमच्याकडे, म्हणजे पोरींच्या घरच्या लोकांकडे. ओठांत शिट्टी. ती त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही. दाढ दुखणारा माणूस लवंग धरतो तशी ती धरलेली असायची.

खेळ त्या कानाने ऐकत. बॉल कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे झेलायच्या जाड हातमोज्यात, पडल्याचा आवाज आला की मागे न वळता म्हणत, "खांदा लवकर उघडून राह्यली ते. सांगा तिले." आणि पुन्हा आमची तोंडं बघायला लागत. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. हसून नाही, रागावूनही नाही.

"हे बाई पोट्टींले शिकवते का आपल्याले तपासते?" माझ्या शेजारी बसणारे कापडदुकानवाले भाऊ म्हणायचे. "काही तरी इशारे करत असन, पाहा तुम्ही. शिट्टी उजवीकडून डावीकडे गेली म्हणजे एक, डावीकडून उजवीकडे गेली म्हणजे दुसरं."

मला ते पटायचं. माझी सगळी नोकरी वनखात्याच्या तपासणी नाक्यावर गेली. तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेली गाडी आली की त्यात सळई खुपसायची, सळई अडली म्हणजे आत सागवान. गाडीवाला जितका गोड बोलेल तितकी सळई आत. बाई तर गोडही बोलत नसत, त्यामुळे मला जास्तच संशय.

त्या मागच्या वर्षी गेल्या. शाळेत सभा झाली, दोन मिनिटं उभं राहणं झालं. एका माजी पालकाने भाषणात म्हटलं, "बाई शिकवायच्या चांगल्या, पण वयाचा जो घोळ झाला तो व्हायला नको होता." लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. घोळ बाईंनी केला नव्हता. तो कुठून निघाला हे सांगू शकणारा माणूस त्या सभेत मी एकटाच होतो.

*

आमचं गाव आरमोरीच्या बाजूचं, धानाचं. सॉफ्टबॉल हा शब्द बाईंनी आणला. बॉल खालून टाकायचा, पण हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवून. टाकते ती पिचर. बॅटवालीच्या मागे जाळीचा मुखवटा घालून उकिडवी बसते आणि तो बॉल झेलते, ती कॅचर. लोक म्हणाले, हा पोरींचा खेळ कसा होईल. बाई म्हणाल्या, "धानावरची पाखरं कोण हाकलते? गोफण फिरवणाऱ्या हाताले नवीन काय शिकवायचं आहे?" आणि पहिल्या पोरी त्यांनी मैदानावरून नव्हे, धानाच्या बांध्यांवरून गोळा केल्या.

दोन-तीन वर्षांत गावाला या खेळातला दुसरा अर्थ कळला. चांगली खेळणाऱ्या पोरीला मोठ्या कॉलेजात खेळाडूंच्या कोट्यातून जागा मिळते. होस्टेल, जेवण, पुढे नोकरीत आरक्षण. मग जे लोक पोरीला अर्धी चड्डी घालू देत नव्हते तेच डबे, छत्र्या घेऊन सामन्यांना यायला लागले. चंद्रपूरला सामने असले की निम्मी गाडी आमचीच. कॉलेजची माणसं निवडीला येत. ज्याच्या बुटांना मैदानाची माती लागलेली नाही, तो कॉलेजचा. तो चहाच्या टपरीकडे वळला की त्याच्या मागे चार बाप चहा प्यायला निघायचे. एकाने तर मोबाईलवरचा पोरीचा खेळ दाखवता दाखवता तिच्या मुंजीच्या वयाच्या भावाचं वाढदिवसाचं चित्रणही दाखवलं होतं.

बाईंचा या माणसांशी वागायचा प्रकार वेगळा. ते जवळ आले की त्या खुर्चीतून उठतही नसत.

"तुमची पिचर आवडली आम्हाला," एकदा एक सर म्हणाले.

"कॅचर?"

"कॅचर आहेत आमच्याकडे."

"मंग पिचर नाई भेटत. जोडी आहे. दोघी न्या, नाई तर एसटीची वेळ पाहा."

असं त्यांनी बऱ्याच वेळा केलं. कधी जोडी गेली, कधी दोघीही राहिल्या. राहिलेल्या पोरींच्या घरचे लोक बाईंना शिव्या देत. चांगलीबरोबर एक दुसरी खपवायची, यात बाईंचं काहीतरी असलं पाहिजे, असं गावात धरूनच चालत. मी तर तणसाखालचं सागवानच समजत होतो.

*

घरं बघायची ही त्यांची दुसरी खोड. पोरगी पुढे जाईलसं वाटलं की तिच्या घरी न सांगता, आणि हटकून जेवणाच्या वेळेला जायच्या. आमच्याकडे आल्या तेव्हा मी ताटावर होतो. माझी नात पिंकी, तिचा बाप राजुऱ्याकडे कोळसा खाणीत. पिंकी आणि तिची आई माझ्याजवळ राहत. पिंकी गावातली सगळ्यात जोरात बॉल टाकणारी पोर.

बाई सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. जेवा म्हटलं तर नको. आंबील दिली, ती प्याल्या. रांजणाकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, पिंकीचं ताट कधी वाढलं जातं ते बघितलं. मी घास गिळत त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवून होतो. चोर घर हेरायला येतो तो असाच येतो.

"भाऊ," त्या एकदम म्हणाल्या, "पोरगी बाहेरगावी गेली अन् रडत फोन आला, तर घरून पह्यले कोण निघन?"

"मी निघीन. दुसरं कोण?"

"आणाले का भेटाले?"

"म्हणजे?"

"निघान ते पोरीले घरी आणाले निघान, का नुसते भेटून परत येयाले?"

मला हा प्रश्नच वाकडा वाटला. म्हटलं, "ते वेळेवर पाहू बापा." बाईंनी आंबिलीचा पेला उलटा करून ठेवला आणि निघाल्या. सून म्हणाली, "आबाजी, बाई काय विचारून गेल्या?" मी म्हटलं, "घरात किती माणसं आहेत ते काढून गेली."

एकदा मी त्यांना तोंडावर विचारलंही होतं. "बाई, सारी दुनिया खेळ पाह्यते, तुम्ही आमचे थोबाडं काऊन पाह्यता?"

"खेळ तर रोजचाच आहे, भाऊ. घर कुठी दिसते रोज?" शिट्टी ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली. "पोट्टी पडली का कोणाची माय उठते, कोणाचा बाप मोबाईल काढते, कोण दुसऱ्याच्या पोरीवर हासते. मले तेच पाहा लागते. पोट्टी कॉलेजात खेळावर जाते, पण टिकते घरावर."

मला वाटलं, तयार उत्तर आहे. नाक्यावरच्या गाडीवाल्यांकडे असायचं तसं.

*

पिंकीची कॅचर रोशनी. हेमलकशाच्याही पुढच्या एका गावाची माडिया पोर, आमच्या गावात वसतिगृहात शिकायची. सुट्टीत पावसामुळे रस्ता बंद झाला की बाईंच्या घरी राहायची. माझ्या संशयाला तेवढं पुरेसं होतं. बाईंच्या घरी राहते, म्हणजे बाईंची कोणीतरी. म्हणून जोडीचा एवढा हट्ट.

त्या दोघी मैदानात माडिया भाषेत बोलत. रोशनीने पिंकीला शिकवली होती. समोरच्या संघाला काही कळायचं नाही. आम्हालाही नाही. पिंकी घरीसुद्धा झोपेत त्या भाषेत बडबडायची. तिचा एक बॉल होता, सरळ यायचा आणि बॅटपाशी आल्यावर खाली बुडायचा. तो टाकायच्या आधी रोशनी मुखवट्याआडून एक शब्द बोलायची आणि दोघी हसायच्या. त्या शब्दाचा अर्थ पिंकीने मला शेवटपर्यंत सांगितला नाही.

चंद्रपूरच्या विभागीय सामन्यांना पुण्याकडच्या एका मोठ्या कॉलेजचे सर आले होते. पहिल्या सामन्यात पिंकीने समोरच्या पोरींना उभंच राहू दिलं नाही. सर बाईंच्या खुर्चीपाशी गेले, बराच वेळ बोलले. बाई नेहमीसारख्या पाठ करून. परत येताना ते माझ्याजवळ थांबले.

"तुम्ही पिंकीचे आजोबा ना? मुलगी आम्हाला हवी आहे. बाई म्हणतात दोघी न्या. मी कॉलेजशी बोलतो, बहुतेक दुसरी जागाही निघेल. दोन दिवसांत कळवतो."

नीट ऐकणाऱ्या माणसाला यात आनंदाचीच गोष्ट ऐकू आली असती. मला ऐकू आलं ते "बहुतेक". मला वाटलं, दुसरी निघाली नाही तर बाई आमचीही अडवणार. आणि जागा अशी सहज निघते का? बाईंनी काय दिलं असेल, काय कबूल केलं असेल? दुपारी सर टपरीपाशी एकटे दिसले. मी उठलो, त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो,

"सर, त्या कॅचरची जन्मतारीख एक जुलै आहे. समजून घ्या."

एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं. तिची तारीख शाळेत एक जुलैच होती. आमच्या भागात शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जुलै टाकत. माझ्या वयाचं निम्मं गाव एक जुलैला जन्मलेलं आहे. मीही. आई सांगायची की मी झालो तेव्हा धान कापणीला आलं होतं, म्हणजे दिवाळीच्या आसपास. मी नोकरीला लागलो, निवृत्त झालो, पेन्शन घेतो ते सगळं एक जुलैवर. तारीख अंदाजाने टाकलेली आहे एवढं पुण्याच्या माणसाला कळणार, पण ती का टाकतात हे त्याला कुठून माहीत असणार? त्याला त्यातून एकच अर्थ निघणार होता, की पोरीचं वय चोरलेलं आहे. तो निघावा म्हणूनच मी ते तसं सांगितलं.

सर चहाचा कप अर्धा ठेवून गेले.

गोष्ट टपरीवर थांबली नाही. संध्याकाळपर्यंत समोरच्या संघाने हरकत घेतली. रोशनीला पुढच्या सामन्यात बसवलं. मग दात बघणं, हाडांचे फोटो, दवाखान्याच्या चकरा. पोरीचं वय बरोबर निघालं. पण ते निघेपर्यंत कॉलेजचे प्रवेश संपले होते. पिंकीची जागा पक्की झाली, रोशनीची गेली. शाळेने बाईंकडून संघ काढून घेतला. वय बरोबर निघाल्याचं कोणी कोणाला सांगत बसलं नाही, घोळ झाल्याचं मात्र सगळ्यांना माहीत होतं. बाई कोणाशी भांडल्या नाहीत. मला वाटलं, दोषी असल्याशिवाय माणूस इतका गप्प राहत नाही. मी, मी असं म्हटलं!

*

पिंकी जायच्या आधी एका सकाळी बाई आमच्या अंगणात उभ्या. एका हातात कॅचरचा मुखवटा, दुसऱ्यात मिट.

"पोरीचा सराव तुटला. रोशनी गावाले गेली. बॉल कोण झेलन?" आणि मिट माझ्यापुढे धरलं. "बसा भाऊ."

"मी? बाई, माहे गुडघे पाहा!"

"पाह्यले. बसा."

सून पदर तोंडाला लावून हसत होती. मी पाटावर बसलो, मुखवटा चढवला. आतून पत्र्याचा आणि घामाचा वास आला. रोशनीच्या घामाचा. पिंकी समोर उभी राहिली.

"हळू टाक व," मी म्हणालो.

"हळू नाई," बाई म्हणाल्या. "हळू टाकाले तिले पुण्यात सांगतीलच."

पहिला बॉल मला दिसलाच नाही. मिटमध्ये आला तेव्हा कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसरा खाली बुडाला आणि मागे गोठ्यात गेला, गाय उठून उभी राहिली. तिसऱ्याला मी डोळे मिटले. ती एवढीशी पोर हे रोज, तासन्‌तास, मांड्या मोडून झेलत होती, आणि मी वर्षभर तिला गाडीतला चोरटा माल समजत होतो. झेलणारी नसेल तर तो बुडणारा बॉल टाकून काय उपयोग, तो मागे जातो आणि समोरच्या पोरी धावा काढतात, एवढं साधं गणित मला सळईने सापडलं नव्हतं. पंजा लाल झाल्यावर सापडलं.

मग माझ्या लक्षात आलं, बाईंनी अंगणातली खुर्ची फिरवली आहे. पाठ पिंकीकडे आणि तोंड माझ्याकडे. अगदी समोर.

"चंद्रपूरले तुम्ही टपरीकडे गेलते ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या, पिंकीला ऐकू जाणार नाही असं, "तवा मी तुमच्याकडंच पाहून राह्यली होती. सरानं कप कसा ठेवला तेबी पाह्यलं."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"बॉलकडे पाहा, भाऊ."

तोवर बॉल आला होता. अंगठा मागे वळला. तो आजही सरळ होत नाही, पेन धरताना आडवा येतो. हे लिहितानाही येतो आहे. त्या वेळी हळद लावली, पट्टी बांधली, बाईंनीच बांधली, पुन्हा त्या विषयावर एक शब्द नाही. जाताना पिंकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडू आलं त रडजो. घरी फोन कराच्या आधी रडून घेजो."

खरं सांगायचं तर मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या पिंकीचा सराव व्हावा म्हणून आल्या होत्या, की माझा अंगठा मोडावा म्हणून? मी बघेन आणि बॉल येईल हे त्यांना कानाने कळलं नसेल असं मी मानत नाही. माझ्या मनाची ही सवय आता जायची नाही.

*

पुण्याला बाई म्हणाल्या तसंच झालं. तिथल्या कॅचरच्या हातून बॉल निसटायचे. सरांनी पिंकीला सांगितलं, जरा कमी जोरात टाक. मग आणखी कमी. मग ती राखीव पोरींच्या बाकावर गेली. होस्टेलमध्ये तिच्या बोलण्याला हसत, मले-तुले म्हटलं की नक्कल करत, आणि माडियात शिवी द्यायला जवळ कोणी नव्हतं. एक दिवस रडत फोन आला. घरून पहिला मीच निघालो. गाडीत बसल्यावर बाईंचा प्रश्न आठवला. मी भेटायला जाऊ शकलो असतो, दोन दिवस राहून, तिला एखादं मसालेदार जेवण खाऊ घालून परत येऊ शकलो असतो. मी तिची पेटी घेऊन आलो.

पिंकी आज नागपुरात आहे, नोकरी आहे, मूल आहे. बॉल हातात धरत नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं. हे लिहायला बसायच्या आधी फोन करून सगळं सांगितलं. तिकडून नळ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "रोशनीले सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. रोशनी पुढे गडचिरोलीला शिकली, खेळाची शिक्षिका झाली, एका आश्रमशाळेच्या पोरींना सॉफ्टबॉल शिकवते. ती कुठे असते हे मला कायम माहीत होतं. गेलो नव्हतो, एवढंच.

या हिवाळ्यात तालुक्याच्या मैदानावर सामने होते. मी काठी टेकत गेलो, लोकांत बसलो. आणि समोर बघितलं तर मैदानाकडे पाठ करून, खुर्ची फिरवून, रोशनी बसलेली. ओठांत शिट्टी नव्हती, पण नजर तीच. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. मी उठलो. तिच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो.

"ओळखलं का?"

"पिंकीचे आबाजी," ती म्हणाली. "बसा ना."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. टपरी, सर, एक जुलै, सगळं उभ्यानेच सांगितलं. ती ऐकत होती. मागे बॉल मिटमध्ये पडत होता, आणि मधेच ती मान न वळवता ओरडली, "मिट पुढे नको नेऊ व, येऊ दे त्याले!" मला वाटलं, ऐकतच नाही आहे.

"बाईले माहीत होतं," मी म्हणालो. "त्यांनी तुले सांगितलं नाई?"

"मी विचारलं होतं त्याहिले. लय डाव विचारलं. सांगे नाई. म्हणे, ज्याचं आहे त्याले सांगू दे, येईन तो." तिने माझ्या अंगठ्याकडे बघितलं. "तुम्ही भल्ला वेळ लावला, आबाजी."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माफी मागणार होतो बहुतेक. मैदानात कोणीतरी पडल्याचा गलका झाला. रोशनीने वळून बघितलं नाही. मान वाकडी करून ती माझ्या कोपराच्या बाजूने लोकांत बघायला लागली.

"सरका जरा," ती म्हणाली. "तुमच्या मांगची माय दिसून नाई राह्यली."

मी सरकलो.